विमान बदलतानाचे आठ तास

परदेशी मुलांकडे निघालेल्या आई-वडिलांची खरेदी गुलमंडीत सुरू झाली की तिचा क्रम ठरलेला असतो. आधी नातवंडांचे कपडे, मग सुनेला साडी, मग मेतकूट, कुरडया, चटण्या. घरी आल्यावर बॅग वजनकाट्यावर चढते, तेवीस किलोच्या वर गेली की एक पुडा बाहेर निघतो, बॅग पुन्हा काट्यावर. किलो-किलोचा हिशेब होतो. पण तिकिटावर बारीक अक्षरात छापलेला आणखी एक आकडा बहुतेक घरांत वाचून सोडून दिला जातो. मुंबईत आठ तास, दोह्यात सात तास, फ्रँकफर्टला पाच तास. ‘तेवढा वेळ बसू तिथेच’ एवढेच त्यावर बोलणे होते.

नेमके हे बसणेच अडचणीचे आहे. घरापासून मुलाच्या दारापर्यंतच्या तीस-पस्तीस तासांत पाय मोकळे करायला, नीट पाणी प्यायला, उजेड अंगावर घ्यायला आणि औषधांची वेळ सांभाळायला खरी सवड मिळते ती या मधल्या थांब्यातच. विमानात चढल्यावर पुढची जागा, बाजूचा प्रवासी आणि सीट बेल्टचा दिवा यांच्या मर्जीवर सगळे असते.

छत्रपती संभाजीनगरकरांना हा थांबा तसा चुकत नाही. चिकलठाण्याहून उड्डाणे आहेत ती मुंबई, दिल्ली, हैदराबाद अशा देशातल्या शहरांची. अमेरिकेला जायचे तर बहुधा दोनदा विमान बदलावे लागते. ज्यांच्या वेळा जुळत नाहीत ते रात्रीच्या बसने किंवा गाडीने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास असलेली मुंबई गाठतात. समृद्धी महामार्गाने वेळ वाचला, तरी पाय दुमडलेलेच राहतात. म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानात पाऊल ठेवण्यापूर्वीच पाच-सात तासांचे बसणे खात्यावर जमा असते.

खुर्ची आणि पोटरी

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक रात्र-रात्र भुयारी आसऱ्यांत बसून काढत. अनेकांनी घरच्या घडीच्या खुर्च्या नेल्या होत्या. १९४० मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्पसन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक विलक्षण निरीक्षण मांडले. आसऱ्यांत बसून राहिलेल्या लोकांमध्ये फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून होणारे मृत्यू वाढले होते. खुर्चीची पुढची दांडी मांडीच्या मागच्या बाजूला दाबत होती आणि माणसे तासन् तास हलत नव्हती. विमानाचा त्या मृत्यूंशी काहीही संबंध नव्हता.

कारण साधे आहे. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायला निसर्गाने वेगळा पंप दिलेला नाही. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि आतल्या शिरा दाबून रक्त वर ढकलतात, शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. माणूस बसून राहिला की हे काम जवळपास थांबते. गुडघ्याशी दुमडलेल्या पायात रक्त साचते, संथ होते आणि कधी कधी पोटरीच्या खोल शिरेत गोठते. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्रसंग जिवावर बेततो.

जागतिक आरोग्य संघटनेने या प्रश्नावर करून घेतलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये जाहीर झाले. चार तास किंवा त्याहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असे त्यात आढळले. मग ते विमान असो, रेल्वे, बस किंवा मोटार. घाबरून तिकीट रद्द करावे असा हा आकडा नाही. निरोगी माणसाच्या बाबतीत असा त्रास सुमारे सहा हजारांत एकाला होतो. मात्र त्याच अभ्यासातली दुसरी बाब आपल्याकडच्या प्रवाशांनी लक्षात घ्यायला हवी. थोड्या दिवसांत अनेक प्रवास लागोपाठ झाले तर धोका वाढत जातो. बस, विमान, थांबा, पुन्हा विमान ही साखळी शरीराच्या लेखी एकच लांबलचक बैठक ठरते. मधले सात-आठ तासही खुर्चीतच गेले तर ती कुठेच तुटत नाही.

यापूर्वी कधी गुठळी झालेली, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, विशेषतः गुडघ्याचे किंवा खुब्याचे सांधारोपण, कर्करोगाचे उपचार सुरू असलेले, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या, खूप स्थूल असलेले अशा व्यक्तींना धोका सर्वसाधारण प्रवाशापेक्षा जास्त. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आणि दोन-तीन महिन्यांपूर्वी गुडघा बदललेली आई हे आता दुर्मीळ उदाहरण राहिलेले नाही. अशांनी तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. घट्ट मोजे काहींना उपयोगी पडतात, पण ते मापाचेच हवेत, आणि मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी किंवा पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांनी ते विचारल्याशिवाय घालू नयेत. ‘रक्त पातळ राहील’ म्हणून आपल्या मनाने ॲस्पिरिन सुरू करणे तर नकोच.

व्हीलचेअरचा पेच

इथे एक नाजूक विषय येतो. मुले तिकीट काढतानाच आई-वडिलांसाठी व्हीलचेअर मागतात. कारण नेहमी गुडघे नसतात. इंग्रजी बोलायची धास्ती, मैल-मैल लांब टर्मिनल, इमिग्रेशनच्या रांगा, बदललेले गेट. व्हीलचेअर आली की माणूस बरोबर येतो आणि चुकण्याची भीती संपते. ही सोय मागण्यात गैर काहीच नाही.

पण थांबा लांब असला की होते असे की कर्मचारी प्रवाशाला पुढच्या विमानाच्या गेटजवळ किंवा मदतकक्षात नेऊन बसवतो आणि निघून जातो. मग ते आजोबा चार-पाच तास जागचे हलत नाहीत. उठलो तर खुर्ची कोणी नेईल, आपण दिसलो नाही तर विमान चुकेल, आणि व्हीलचेअर मागून चालताना दिसलो तर लोक काय म्हणतील, असे तिन्ही विचार मनात असतात. आजी पाणीही पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह कुठे आहे ते माहीत नाही आणि विचारायचे कोणाला हाही प्रश्नच. चालता येणारा माणूस अशा रीतीने त्या दिवसापुरता अंथरुणाला खिळल्यासारखा होतो.

यावर उपाय अवघड नाही, तो घरून निघण्यापूर्वी ठरवावा लागतो. कर्मचाऱ्याला ‘मला थोडे चालता येते, स्वच्छतागृहापर्यंत न्या आणि किती वाजता परत याल ते सांगा’ एवढे सांगता आले पाहिजे. हेच वाक्य इंग्रजीत लिहून मुलाने वडिलांच्या खिशात ठेवावे. दोघे बरोबर असतील तर एकाने सामानाजवळ थांबावे, दुसऱ्याने फेरी मारावी, मग अदलाबदल. ज्यांना खरोखरच चालणे जमत नाही त्यांनी बसल्या जागी टाच टेकवून चवडा वर, मग चवडा टेकवून टाच वर, असे दर अर्ध्या तासाने पंधरा-वीस वेळा करावे. पोटरीचा पंप एवढ्यानेही चालतो. खुर्चीच्या पाठीला धरून दोन मिनिटे उभे राहणेही उपयोगाचे.

किती चालावे? पैठण गेटपासून टिळक पथावरून गुलमंडी आणि तिथून सिटी चौक, एवढी चाल शहरातल्या कोणालाही अंगवळणी पडलेली आहे. दर दीड-दोन तासांनी साधारण तेवढी एक फेरी पुरे. रस्त्यातली गर्दी आणि दुचाक्या नसल्याने ती टर्मिनलमध्ये सोपीच जाते.

घड्याळ कुठल्या बाजूला वळवायचे?

पाय मोकळे झाले तरी जेट लॅग राहतोच. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या शिरांच्या लगत पेशींचा एक छोटा पुंजका असतो. झोप, भूक, शरीराचे तापमान, हार्मोन यांचा दिवसाचा ठेका तो सांभाळतो. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरच्या प्रयोगांतून करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हे घड्याळ मुख्यतः प्रकाशाने जुळते आणि नव्या गावाच्या वेळेशी साधारण दिवसाला एक तास या गतीने सरकते. माणसाचे आतले घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठे असल्याने दिवस लांबवणे, म्हणजे पश्चिमेला जाणे, बहुतेकांना सोपे जाते. पूर्वेकडे येताना जास्त त्रास होतो.

‘उतरल्यावर उन्हात जा’ हा सल्ला सगळेच देतात. तो अर्धाच बरोबर आहे. उजेड कधी मिळाला यावर घड्याळ पुढे जाणार की मागे, हे ठरते. रोज सहाला उठणाऱ्या माणसाच्या शरीराचे तापमान पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास सर्वांत कमी असते. त्याआधीच्या तासांतला उजेड घड्याळ मागे ढकलतो, त्यानंतरच्या तासांतला पुढे ओढतो. यात मोजायची वेळ असते ती शरीराला सवय असलेल्या गावाची. भिंतीवरच्या घड्याळाला इथे अर्थ नाही.

उदाहरण घेऊ. इथून लंडनला निघालेले जोडपे दोह्यात सकाळी सहाला उतरले. भारतात तेव्हा साडेआठ. लंडनसाठी घड्याळ मागे न्यायचे आहे, आणि या वेळचा उजेड ते पुढे ओढणार. म्हणून खिडकीजवळच्या लख्ख उन्हात बसण्यापेक्षा आतल्या बाजूला, टोपी किंवा गडद चष्मा लावून फेऱ्या माराव्यात, जमल्यास डुलकी काढावी. परतीचे उलटे. काही महिने लंडनला राहून उन्हाळ्यात ते दुबईमार्गे परत येत आहेत. दुबईत पहाटे पाच म्हणजे लंडनला रात्रीचे दोन. तेव्हाचा उजेड नको. सकाळी आठनंतर मात्र लंडनला पहाटेचे पाच वाजून गेलेले असतात. आता काचेजवळची खुर्ची धरावी, कारण भारतासाठी घड्याळ पुढेच न्यायचे आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला निघालेल्यांनी मात्र ही आकडेमोड करू नये. साडेबारा-साडेतेरा तासांच्या फरकात घड्याळ कुठूनही फिरले तरी तेवढेच दिवस लागतात. त्यांनी थांब्यात फक्त पाय आणि झोप सांभाळावी.

मुंबईतली दुपार

परदेशी शहर बघायला बाहेर पडावे का, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. आखाती शहरांत मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या सत्तरीच्या माणसाला तिथे दुपारी बाहेर काढू नये. व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि सतत बदलतात. काही युरोपीय विमानतळांवर बाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो, म्हणून तिकीट घेतानाच विमान कंपनीला विचारून घेणे बरे.

मुंबईत तो प्रश्न नाही, आणि संभाजीनगरकरांचा सर्वांत लांब थांबा बहुधा तिथेच असतो. इथून दुपारी पोहोचायचे, पुढचे विमान मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजता. हे दहा-बारा तास लोक टर्मिनलबाहेर बॅगांवर बसून काढताना दिसतात. आता मेट्रो ३ ने हे चित्र बदलता येते. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पोहोचली. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना तिचे स्थानक आहे. दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, चर्चगेट याच मार्गावर येतात. चर्चगेटला उतरून पाच-दहा मिनिटे चालले की मरीन ड्राइव्ह.

संध्याकाळी तिथे तासभर चालण्याचा दुहेरी फायदा आहे. बसून आखडलेले पाय सुटतात, आणि युरोप किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जाणाऱ्यांना नेमका संध्याकाळचाच उजेड हवा असतो. बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. भर उन्हात तो पन्नास हजार लक्सच्या वर जातो, दिवे लावलेल्या कचेरीत तीनशे ते पाचशे. दिवस कलताना तो घटतो, तरी सूर्य बुडेपर्यंत खोलीपेक्षा जास्तच राहतो.

हिशेब मात्र काटेकोर हवा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी परतायचे, उतरून बाहेर पडायला एक तास, जाण्या-येण्याला दोन-अडीच. दहा तासांतले हाताशी उरतात साडेतीन. थांबा सहा-सात तासांपेक्षा कमी असेल तर बाहेर पडण्याचा मोह टाळावा. सामान थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत जाणार का, हे चिकलठाण्याच्या काउंटरवरच विचारावे. दोन वेगळी तिकिटे असतील तर बॅगा मुंबईत हातात येतात आणि मग मरीन ड्राइव्ह विसरावे. अशांना टर्मिनल २ च आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या इमारतीच्या भिंतींवर देशभरातल्या पाच हजारांहून अधिक कलाकृती मांडल्या आहेत. त्या बघत चालले तरी एक-दोन किलोमीटर सहज होतात, आणि बघायला पैसेही पडत नाहीत.

डुलकी, गोळ्या आणि डबा

थांब्यात झोपावे की नाही? लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर नासाने केलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात त्यांना उड्डाणादरम्यान चाळीस मिनिटांची विश्रांती दिली गेली. ते सरासरी सव्वीस मिनिटे झोपले आणि विश्रांती न मिळालेल्या सहकाऱ्यांपेक्षा नंतर अधिक सावध राहिले. प्रवाशालाही वीस ते तीस मिनिटे पुरतात. तासभर झोपून गाढ झोपेतून उठले की डोके जड होते, गेटचा क्रमांक दोनदा वाचूनही कळत नाही. भरपूर वेळ असेल तर दीड तासाची पूर्ण झोप घ्यावी, फोनवर दोन गजर लावून. आणि ती आडवे होऊनच, कारण खुर्चीत बसून झोपल्यावर पाय पुन्हा दुमडलेलेच. अनेक विमानतळांवर आडव्या खुर्च्या असतात, त्या कुठे आहेत हे आल्या आल्या बघून ठेवावे.

औषधांबाबत सर्वांत जास्त गोंधळ होतो. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला येताना आखडतो, आणि ‘रात्री जेवणानंतर’ असे लिहिलेल्या गोळीची रात्र नक्की कोणती ते कळेनासे होते. एक मनगटी घड्याळ पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवावे आणि गोळ्या त्याच वेळेने घ्याव्यात. नव्या गावी पोहोचल्यावर वेळ कशी सरकवायची, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांना तर हा कागद हवाच, कारण डोस आणि जेवण यांची गाठ सुटली की साखर अचानक उतरते. अशी साखर थांब्यात उतरली आणि माणूस एकटा असला तर तो झोपला आहे असेच आजूबाजूच्यांना वाटते. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच न्यावे. चेक-इन केलेल्या बॅगेत ते गोठून निकामी होऊ शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे इंग्रजीत असावीत. ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारख्या वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे, हे दुबईमार्गे जाणाऱ्यांनी बॅग भरतानाच पाहावे.

राहिला डबा. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढाच राखलेला असतो. तिथे पोटातला वायू सुमारे तीस टक्क्यांनी फुगतो. थांब्यात बसून चिवडा, भजी आणि वर सोडा असा बेत केला तर पुढचे आठ तास पोट त्याचा जाब विचारते. दशमी, धपाटे, केळे, थोडे दाणे हे उत्तम. केबिनची हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली. तिने शरीरातले पाणी संपून जाते ही अतिशयोक्ती आहे, नाक, घसा आणि डोळे मात्र कोरडे पडतात. खरे पाणी कमी पडते ते लघवीला जावे लागेल म्हणून न पिणाऱ्यांचे. थांब्यात स्वच्छतागृह हाकेवर असते, तेव्हा तिथेच पोटभर पाणी प्यावे. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आणि हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा घातलेल्यांनी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठेवावे.

विमानातून उतरले की गुठळीचा धोका लगेच संपत नाही. तो सुमारे चार आठवडे राहतो. त्या काळात एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तिथली कातडी गरम किंवा लालसर झाली, तर प्रवासाचा शीण समजून तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त आले तर थेट रुग्णालय. अमेरिकेत असाल तर ९११, भारतात परतल्यानंतर १०८. आणि तिथल्या डॉक्टरांना आपण किती तासांचा प्रवास करून, कुठे कुठे थांबून आलो, हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.